येशूचे दृष्टान्त वाचताना या चुका टाळा

येशूने सांगितलेली बोधकथा, म्हणजे दृष्टान्त, हाती आला की लगेच ‘राजा म्हणजे देव, नोकर म्हणजे आपण’ अशा जोड्या लावायला बसणं, ही मला सगळ्यात जास्त भेटणारी चूक. बरीच वर्षं घरगुती बायबल अभ्यास घेतोय; नवा गट जमला की पहिल्याच आठवड्यात ती होते.

एका उत्साही तरुणाने लूक 18 (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांपैकी लूकच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय) मधला, न्यायासाठी खेपा घालणारी विधवा आणि अन्यायी न्यायाधीश यांचा दृष्टान्त घेतला होता. फळ्यावर लिहिलं: न्यायाधीश म्हणजे देव, विधवा म्हणजे मंडळी (ख्रिस्ती समाज), प्रतिवादी म्हणजे सैतान. मागे बसलेल्या एक मावशी नवऱ्याच्या जमिनीसाठी कित्येक वर्षं कोर्टाच्या खेपा घालत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे देवाकडेही अशाच खेपा घालायच्या का रे बाळा? तोही कंटाळला की मगच ऐकणार?” कोणाला उत्तर सुचेना. मी त्याला आधीच थांबवायला हवं होतं.

येशू तिथे साम्य दाखवत नाही, तफावत दाखवतोय. देवाला न भिणारा, माणसाची पर्वा न करणारा न्यायाधीशही शेवटी न्याय देतो. मग रात्रंदिवस धावा करणाऱ्या आपल्या लोकांना देव न्याय देणार नाही का? यहुदी गुरूंच्या बोलण्यातली ही ओळखीची रीत. शिवाय लूकने पहिल्याच वचनात हेतू सांगून ठेवलाय: नेहमी प्रार्थना करावी, खचू नये. मग ते वचन मावशींनीच मोठ्याने वाचलं.

हा मोह जुना आहे. ऑगस्टीनसारख्या जुन्या काळातल्या थोर ख्रिस्ती विचारवंतानेही चांगल्या शोमरोन्याच्या (वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोन प्रदेशातल्या माणसाच्या) दृष्टान्तात जखमी माणूस म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे मंडळी आणि तिचा रखवालदार म्हणजे प्रेषित पौल असा अर्थ लावला. वाचायला सुंदर, पण ‘माझा शेजारी कोण?’ हा शास्त्र्याने (धर्मशास्त्राच्या पंडिताने) येशूला विचारलेला प्रश्न त्यात हरवून जातो. मार्क 4 मध्ये पेरणाऱ्याच्या दृष्टान्ताचा असा उलगडा आहे खरा. पण तो तिथे दिलाय म्हणून सगळीकडे आपण तयार करायचा नसतो. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टान्तपाठा’त सूत्र, दृष्टान्त आणि मग दार्ष्टान्तिक (दृष्टान्त कशाला लागू होतो ते) अशी मांडणी असते. शुभवर्तमानांत ते दार्ष्टान्तिक बहुतेक वेळा नसतं. ऐकणाऱ्याला ते स्वतःच्या आयुष्यात शोधावं लागतं, आणि तिथेच घाईच्या माणसाचा धीर सुटतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे आधीची वचनं गाळणं. उधळ्या पुत्राची गोष्ट सांगताना पैसे उडवून धाकटा घरी आला, बापाने मिठी मारली, की आमेन! लूक 15 च्या सुरुवातीला जा. जकातदार आणि पापी येशूजवळ येतायत, आणि परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी) व शास्त्री कुरकुर करतायत. ती कुरकुर ऐकून येशू बोलतोय. म्हणून तर थोरला भाऊ शेतातून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो आणि रागाने बाहेरच थांबतो. बाप त्याचीही समजूत काढायला बाहेर येतो. तो आत गेला का, हे लूक सांगत नाही. परूशांना उत्तर द्यायला जागा ठेवलीय.

माझी सवय साधी आहे: वहीत आधी ‘कोणाला सांगितला?’ एवढंच लिहायचं, आणि उत्तर सापडेपर्यंत अर्थाकडे वळायचं नाही. मोबाइलवर पाच मिनिटांचा अर्थ ऐकून आलेल्यांना हे संथ वाटतं. वाटू दे.

बाकीच्या चुका लवकर सुटतात. शोमरोनी म्हणजे नुसता ‘परोपकारी माणूस’ नव्हे; त्या श्रोत्यांच्या दृष्टीने तो वैऱ्यांपैकी होता. दीनार म्हणजे मत्तय 20 मधली एका दिवसाची मजुरी, आणि तालांत म्हणजे सुमारे 6,000 दीनार. तेव्हा मालकाने नोकरांना तालांत सोपवल्याच्या दृष्टान्तात एकच तालांत मिळालेल्या नोकराच्या हातीही मोठी रक्कम होती. दृष्टान्त म्हणजे अडाण्यांसाठी सोपा केलेला धडा, असंही धरू नका. मार्क 4 मध्ये शिष्यांनाच एकांतात विचारावं लागलं. आणि योहानाच्या शुभवर्तमानात अशा गोष्टी शोधत बसू नका. तिथे मेंढपाळ आणि द्राक्षवेल आहे, त्यांची वाचायची रीत वेगळी.