एकही पुल-अप निघत नाही? मग आधी खाली उतरायला शिका

भरतीची तयारी करणारी पोरं ग्राउंडवर बघा, बारला लटकतात, पाय झाडतात, मान ताणून हनुवटी कशीबशी वर नेतात आणि मोजतात एक. आर्मीच्या भरतीत १० पुल-अप्सला ४० मार्क, ६ ला फक्त १६, आणि तिथे असले झटके चालत नाहीत. त्यामुळे पहिल्या दिवसापासून साफच मारा, कारण चुकीची सवय एकदा बसली की लवकर सुटत नाही.

सुरुवात नुसतं लटकण्यापासून. तळवे समोर, हातातलं अंतर खांद्यांपेक्षा थोडंसंच जास्त (फार लांब पकडलं की पाठ रुंद होते वगैरे ऐकलं असेल, सोडून द्या, खांदे मात्र दुखतील), अंगठा बारभोवती गुंडाळलेला. ३० सेकंद आरामात लटकता यायला लागलं की पुढं जायचं.

आता जे सगळे स्किप करतात ते. लटकलेलं असताना कोपर अजिबात न वाकवता खांदे कानापासून खाली खेचायचे. पाठीवरची ती दोन चपटी हाडं, फरे म्हणतात ना, ती खाली सरकतात आणि अंग दोन-तीन इंच वर येतं, बस एवढंच. पुल-अप इथून सुरू होतो, हातातून नाही. हे जमत नसेल तर सगळा लोड बायसेप्स आणि कोपरावर येतो आणि मग पाठ थकायच्या आधी हातच सुटतात.

मग निगेटिव्ह. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर ठेवा, पाय उचला, आणि मनात पाच मोजत हळूहळू पूर्ण खाली या. वर खेचायची ताकद नसते तेव्हाही उतरताना वजन धरून ठेवता येतं, म्हणून खरी ताकद इथेच बनते. ३ ते ५ वेळा, असे तीन सेट, मधे दोन-तीन मिनिटं आराम, एक दिवस आड. जोडीला कमरेएवढ्या बारखाली आडवं होऊन, टाचा जमिनीवर ठेवून, अंग सरळ ठेवत छाती बारला लावायचे रोज पण मारा. हे रोज म्हणजे डेली नाही हं, रोइंगवाले.

रबर बँड वापरला तर हरकत नाही, पण तो सगळ्यात जास्त ढकलतो खाली असताना, वरचा शेवटचा भाग कच्चाच राहतो, म्हणून निगेटिव्ह सोडू नका.

पाच-सहा सेकंदांचे निगेटिव्ह सहज जमले की खरा ट्राय करा. पोट आवळा, पाय किंचित पुढे, खांदे खाली, आणि कोपर पँटच्या खिशात घालायचेत असं समजून खेचा. नजर थोडी वर, मान ताणायची नाही. उतरताना हात पूर्ण सरळ झाले तरच तो पुल-अप मोजा.

एक निघाला की लगेच दुसऱ्यासाठी तडफडू नका. एक मारा, दोन मिनिटं थांबा, परत एक, असे पाच-सहा सुट्टे काढा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर काही दिवस बार बंद, तरीही दुखत राहिलं तर डॉक्टरला दाखवा. तळहाताला घट्टे पडतील, ते वाढले की प्युमिक स्टोनने घासून सपाट करा, नाहीतर बारवर सोलतात.