पानाच्या आकाराची जुनी इंग्लिश पोर्सेलीन बशी कशी धुवावी

अठराव्या शतकात चेल्सी, वूस्टर आणि लाँग्टन हॉल इथल्या कारखान्यांनी ताटल्यांवर पानं नुसती रंगवली नाहीत, ताटल्याच पानांच्या केल्या. वूस्टरच्या ‘ब्लाइंड अर्ल’ (आंधळा उमराव) बशीवर गुलाबाची पानं नि कळ्या उठावात असतात आणि धरायला वळलेली डहाळी. (आंधळ्या उमरावाला हाताने चाचपता यावं म्हणून ही नक्षी काढली, असं विक्रेते सांगतात. नक्षी १७५०च्या दशकातली. हा उमराव म्हणजे अर्ल ऑफ कॉव्हेंट्री, आणि त्याची दृष्टी गेली १७८० साली.)

टबात जाड टॉवेल, कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब. हातातल्या अंगठ्या काढा.

आता थांबा. बशी पाण्यात घालण्याआधी डहाळी तपासा. अशा बशीत सगळ्यात आधी तुटतो तो देठ, आणि मळही साचतो नेमका त्याच्याच खाचेत. खोलीत अंधार करून अतिनील टॉर्च मारा. डागडुजीवरचा रंग बाकीच्या झिलईपेक्षा (वरच्या काचेसारख्या लेपापेक्षा) वेगळा चमकतो. मग ओठ लावून बघा: पोर्सेलीन गार लागतं, डागडुजीत भरलेलं मिश्रण तितकं गार लागत नाही. जुना जोड सरसाचा असेल तर कोमट पाण्यात तो सुटतो आणि देठ तुमच्या हातात येतो. शंका असेल तर बशी बुडवायचीच नाही. ओलसर कापसाची काडी खाचेतून फिरवत न्यायची, घासायची नाही, आणि मळली की लगेच बदलायची. वेळ लागतो, लागू दे.

देठ शाबूत असेल तरी टूथब्रश नको. रंग झिलईच्या वर भाजलेले असतात आणि सोन्याचा मुलामा त्याहून नाजूक. शिरांसाठी चित्रकलेचा मऊ ब्रश घ्या. लिंबू, व्हिनेगर, चिंच, खायचा सोडा यांचे ‘घरगुती उपाय’ पितळेला ठीक. इथे आम्लाने रंग मरतात आणि सोड्याने मुलामा घासला जातो. चिरेतला तपकिरी डाग ब्लीचने काढा असं कुणी सांगितलं, तर त्याच्या हाती बशी देऊ नका. ब्लीच आत मुरतं आणि पुढे त्याने झिलई सुटते. डाग राहू द्या.

स्वच्छ पाण्यातून काढा, सुती कापडाने टिपा, रात्रभर वाळवा. उचलताना दोन्ही तळहात खालून, देठाला धरून कधीच नाही. भिंतीवर स्प्रिंगच्या तारेने टांगू नका, कडेचे टवके उडतात. आणि तिच्यात लोणचं-कोशिंबीर वाढू नका, झिलईत शिसं असतं.