परदेशातलं एक सेमिस्टर आणि त्यातली भटकंती: खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

भुसावळला गाडी बदलायची सवय असलेल्या माणसाला जर्मनीची रेल्वे लवकर उमगते. डोकं खातात त्या तीन वेगळ्याच गोष्टी: व्हिसाच्या तारखा, कॉलेजचं वेळापत्रक आणि घरून आलेले पैसे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून एका सेमिस्टरसाठी निघालेल्या पोरापोरींच्या फोनमध्ये विमानात बसण्याआधीच पॅरिस, रोम, प्रागची यादी तयार असते. माझं म्हणणं एवढंच, की यादी नकाशा पाहून करू नका. वेळापत्रक पाहून करा आणि सुरुवात जवळच्या गावांपासून करा. खाली उदाहरणादाखल जर्मनीतलं हिवाळी सेमिस्टर धरलं आहे. देश दुसरा असेल तर नियम बदलतील, क्रम तोच ठेवा.

१. आधी व्हिसा नीट वाचा

शिकायला जाणाऱ्यांना मिळतो तो राष्ट्रीय, म्हणजे ‘डी’ प्रकारचा व्हिसा. तो वैध असेपर्यंत शेंगेनमधल्या (आपसांतल्या सीमांवरची पासपोर्ट तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटातल्या) बाकीच्या देशांत कोणत्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस फिरता येतं. जर्मनीतले दिवस या नव्वदात मोजत नाहीत. शेंगेनमध्ये सध्या २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, बल्गेरिया आणि रोमानिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आले. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंडचं उलट आहे: युरोपीय संघात आहे, शेंगेनमध्ये नाही. लंडन आणि डब्लिनला जायचं तर वेगळा व्हिसा लागतो. मावशी लंडनला राहते म्हणून सहज चक्कर मारून येऊ, असं होत नाही.

व्हिसाची शेवटची तारीख आणि सेमिस्टरची शेवटची तारीख शेजारी शेजारी लिहून ठेवा. व्हिसा आधी संपत असेल तर निवास परवान्याचा अर्ज पोहोचल्या पोहोचल्या करा, कारण भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. परवाना येईपर्यंत हातात तात्पुरतं पत्र असतं. त्याचे प्रकार आहेत आणि प्रत्येक पत्रावर देशाबाहेर जाऊन परत येता येतंच असं नाही. तिकीट काढण्याआधी ज्या कार्यालयाने ते दिलं तिथेच विचारा, रूममेटला नाही.

शेंगेनमध्ये सीमा उघड्या असतात हेही अर्धंच खरं. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. रात्रीच्या बसमध्ये पोलीस चढतात, दिवे लागतात, पासपोर्ट मागतात. फोनमधला फोटो चालत नाही. शेजारच्या देशात दोन तासांसाठी जात असाल तरी मूळ पासपोर्ट आणि परवाना जवळ हवा.

२. मग वेळापत्रक भिंतीवर लावा

जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं. प्रत्यक्ष तास साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. (फाखहोखशूल म्हणतात त्या उपयोजित शिक्षणाच्या संस्थांमध्ये सगळं महिनाभर आधी.) आपल्याकडे याचा अर्थ फार कमी जण लावतात. फिरण्याचा खरा काळ परीक्षा संपल्यावर येतो. फेब्रुवारीचा शेवट आणि जवळजवळ पूर्ण मार्च हातात असतो, गर्दी नसते, हॉस्टेलं स्वस्त असतात आणि दिवस मोठा होऊ लागलेला असतो. परतीचं तिकीट परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीचं काढून ठेवलं की तो सगळा काळ गेला. फक्त खोलीचा करार आणि विमा तोपर्यंत चालू आहेत ना, ते पाहा.

नाताळची सुट्टी दोनेक आठवड्यांची असते आणि सगळे नेमके तेव्हाच निघतात. महाग पडतं. शिवाय २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६ पर्यंत दुकानं बंद, आणि नाताळचे बाजारही बहुतेक २३-२४ तारखेपर्यंत आवरतात. ते बाजार पाहायचे तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला एखादा मधला वार गाठा.

उरले शनिवार-रविवार. ३० क्रेडिटचं सेमिस्टर असतं आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. लेक्चरला हजेरी कुणी घेत नाही म्हणून गैरसमज होतो. प्रॅक्टिकलला आणि सेमिनारला हजेरी असते, आणि इकडच्या विद्यापीठात मार्क जमा व्हायचे तर तिकडे पास व्हावंच लागतं. महिन्यात दोन शनिवार फिरा, दोन अभ्यासाला ठेवा. एवढं पुरतं.

डिसेंबरात उत्तर जर्मनीत चारच्या सुमारास सूर्य मावळतो. मे महिन्यात रात्री आठलाही झळा सोसणाऱ्या आपल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. बाहेरचं काही बघायचं असेल तर सकाळी नऊला तिथे पोहोचा, संग्रहालयं दुपारनंतर.

३. पहिले दोन महिने जवळ जवळ फिरा

आपल्याकडे परदेशी माणूस अजिंठ्यासाठी जळगावला उतरतो. आपल्यातले कितीतरी जण मात्र ‘जवळच तर आहे’ म्हणत वर्षानुवर्षं जात नाहीत, आणि पाटणादेवीचं, तोरणमाळचंही तेच. तिकडे गेल्यावर हे करू नका. ज्या गावात राहता तिथून दोन-तीन तासांवरची गावं आधी घ्या. भाषा अंगवळणी पडते, गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत घरी येता येतं, आणि पैसे जवळजवळ लागत नाहीत.

पैसे लागत नाहीत ते डॉइचलांडटिकेटमुळे. हे मासिक तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना तेच सेमिस्टरच्या शुल्कातून स्वस्तात मिळतं, म्हणून आधी विद्यापीठात चौकशी करा, मग विकत घ्या. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, शहरातल्या बस, ट्राम, मेट्रो सगळं त्यात येतं. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. फलाटावर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या असतात, तेव्हा चढण्याआधी डब्यावरची अक्षरं वाचा. विनातिकीट सापडलात तर साधारण ६० युरो दंड, आणि ‘नवीन आहे’ हे कारण तिथे ऐकून घेत नाहीत.

या तिकिटाची गंमत सीमेवर कळते. ते थेट ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं, म्हणजे म्युनिकहून संगीतकार मोझार्टचं गाव फुकटात. नैर्ऋत्येला केल नावाच्या गावापर्यंत जा, ऱ्हाइनवरचा पूल पायी ओलांडा, पलीकडे फ्रान्स आणि स्ट्रासबर्ग. थंडी वाजत असेल तर ट्रामही पूल ओलांडून जाते. पश्चिमेला ट्रियर आहे. रोमनांनी बांधलेली पोर्टा निग्रा ही वेस तिथे अजून उभी आहे, आणि १८१८ मध्ये कार्ल मार्क्स जन्मला ते घरही तिथलंच. ट्रियरहून लक्झेंबर्ग जवळ. त्या देशात २९ फेब्रुवारी २०२० पासून बस, ट्राम आणि गाडीचा दुसरा वर्ग सगळ्यांना मोफत आहे, त्यामुळे तिकिटाचा विचार सीमेपर्यंतच करायचा.

प्रादेशिक गाड्या हळू जातात, थांबत थांबत जातात. मला तेच आवडतं. शेजारी बसलेली आजी कुठे निघालात विचारते, आणि पुस्तकात वाचलेली जर्मन पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडते.

४. लांबचा प्रवास: गाडी, बस की विमान

जर्मनीत राहायला लागल्यावर तुम्ही ‘युरोपातले रहिवासी’ ठरता, म्हणून अनेक देशांच्या गाड्यांत चालणारा रेल्वे पास घेताना बाहेरून येणाऱ्यांसाठीचा युरेल नाही, इंटररेल घ्यायचा. २७ वर्षांपर्यंतच्यांना तो सवलतीत मिळतो. राहत्या देशात त्यावर फक्त बाहेर पडण्याचा एक आणि परतण्याचा एक प्रवास चालतो. फ्रान्सची टीजीव्ही, स्पेन आणि इटलीच्या वेगवान गाड्या यांत आसनाचं आरक्षण वेगळे पैसे देऊन करावं लागतं. पास स्वस्त दिसतो तो हे धरलं नाही म्हणून. मार्चमध्ये सलग पाच-सहा शहरं करायची असतील तरच पास परवडतो. एका शहरी जाऊन परत यायचं तर लवकर काढलेलं साधं तिकीट बरं.

लवकर काढलेलं स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. पण रेल्वेच्याच उशिरामुळे २० मिनिटं किंवा जास्त उशिरा पोहोचणार असाल तर दुसऱ्या गाडीने जाता येतं. एक तास किंवा जास्त उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तासांपासून पुढे ५० टक्के पैसे परत मागता येतात. अर्ज करा. जर्मन गाड्या वेळेवर धावतात ही आपल्याकडची समजूत आता जुनी झाली.

विमानाचं १५ युरोचं तिकीट दिसलं की हिशोब पूर्ण मांडा. रायनएअरसारख्या कंपन्या गावाबाहेरच्या विमानतळावर उतरवतात. पॅरिस म्हणून विकलेला बोव्हे विमानतळ शहरापासून ८५ किलोमीटर आहे; फ्रँकफुर्ट-हान त्याहून लांब. येण्याजाण्याची बस, बॅगेचे पैसे आणि पहाटेच्या विमानासाठी स्टेशनवर काढलेली रात्र धरली की बहुतेक वेळा रेल्वेच जिंकते. तरीही जायचंच तर फुकट बॅगेचं माप घरीच टेपने मोजा. भारतीय पासपोर्टवर काही कंपन्या विमानात बसण्याआधी काउंटरवर कागद तपासून घ्यायला लावतात, त्यासाठी तासभर आधी पोहोचा.

रात्रीची बस हॉस्टेलचं भाडं वाचवते खरी. पण पहाटे पाचला शून्य अंशात अनोळखी स्टँडवर उतरून सातपर्यंत काही उघडत नाही, आणि तो पूर्ण दिवस पेंगण्यात जातो. हौस म्हणून एकदा करा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास मागे जातं, मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे. फोन आपोआप बदलतो, भिंतीवरचं घड्याळ बदलत नाही. मार्चमधल्या त्या रविवारी सकाळची गाडी असेल तर गजर फोनवरच लावा.

५. खाणं: इथून काय न्यायचं, डब्यात काय भरायचं

आईने भरलेल्या बॅगेतलं काही विमानतळावर काढून घेतलं जाऊ शकतं. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे: साजूक तूप, पेढे, खवा सगळं आलं. ताजी फळं-भाज्या, कढीपत्त्याची जुडीसुद्धा, प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. यातून सुटलेली फळं पाचच: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. म्हणजे रावेर-यावलची केळी नियमाने नेता येतात! बॅगेत त्यांचं काय होईल ते सांगायला नको.

न्यायचं ते कोरडं: घरचा काळा मसाला, लाल तिखट, शेंगदाण्याची चटणी, बिबड्या, कुरडया, थोडी शेव. शेवभाजीला कांदा, लसूण, सुकं खोबरं एवढंच तिकडे शोधावं लागतं. एक सावधगिरी मात्र घ्या. मिरचीची फोडणी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात खिडकी न उघडता दिली की आगीचा भोंगा वाजतो, आणि मग अख्खी इमारत स्वेटर घालून अंगणात उभी राहते.

प्रवासाला दशम्या करा. गूळ घालून दुधात भिजवलेली कणीक, दोन दिवस टिकते, गाडीत सांडत नाही. सोबत कोरडी चटणी. विमानाने जात असाल तर हातातल्या बॅगेत ओला ठेचा किंवा लोणचं नको, ते द्रवात मोजलं जातं आणि बऱ्याच विमानतळांवर मर्यादा १०० मिलिलिटरची असते. जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी संध्याकाळीच पाव, फळं घेऊन ठेवा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. बाटल्या फेकू नका, दुकानातल्या यंत्रात टाकून पैसे परत घ्या.

६. पैसे आणि मुक्काम

व्हिसासाठी वर्षाचे पैसे आधीच बँकेत अडकवून ठेवावे लागतात; त्या खात्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात (वर्षाचे ११,९०४). खोली, विमा, जेवण गेल्यावर फिरायला शंभर-दीडशे उरले तर चांगलं चाललंय असं समजा. एक युरो शंभर रुपयांच्या पुढेच धरा. केळीची पट्टी हातात पडल्यावर पाठवलेले ते पैसे आहेत, तेव्हा फिरण्याचं पाकीट महिन्याच्या सुरुवातीलाच वेगळं करा आणि संपलं की त्या महिन्यात गावातच फिरा.

परदेशी एटीएम किंवा कार्ड मशीन ‘रुपयांत पैसे कापू का’ विचारतं. नाही म्हणा, तिथल्याच चलनात कापू द्या. त्यांचा दर नेहमी महाग असतो. झेक प्रजासत्ताक, हंगेरी, पोलंड, स्वित्झर्लंड इथे युरो हे चलन नाही. रोख थोडीच काढा.

मुक्कामाला युवा वसतिगृहं. ही कल्पनाच जर्मनीतली; पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात सुरू झालं. स्वतःचं कुलूप न्या, चादरीचे वेगळे पैसे आहेत का पाहा. थंडीचे कपडे इथून विकत नेऊ नका, तिकडे चांगले आणि वापरलेले स्वस्तात मिळतात. भिजणार नाहीत असे बूट मात्र पहिल्याच आठवड्यात घ्या.

७. आजारपण, चोरी आणि घरचा फोन

सरकारी आरोग्य विमा घेतला असेल तर त्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय विमा कार्ड असतं. आपल्यासारख्या बाहेरच्या देशाच्या नागरिकांना ते डेन्मार्क, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँडमध्ये चालत नाही. तिथे जाताना प्रवास विमा वेगळा काढा. संकटात सगळीकडे ११२. बार्सिलोना, रोम आणि पॅरिसच्या मेट्रोत पाकीट मागच्या खिशात ठेवू नका.

हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते. तिकडे रात्री आठला फोन केलात तर घरी साडेबारा वाजलेले असतात आणि आई जागी असते ती काळजीने. निघण्याआधी गाडीचा नंबर, हॉस्टेलचा पत्ता आणि परतीची वेळ घरच्या ग्रुपवर टाका आणि फोन दुपारी करा. ‘जेवन व्हयनं का?’ हा प्रश्न येणारच, तेव्हा दशमीचा फोटो तयार ठेवा.

८. निघताना

मार्चच्या भटकंतीत शेवटची कामं राहतात, म्हणून ती फिरायला जाण्याआधी उरका. नगरपालिकेत पत्त्याची नोंद रद्द करायची, खोलीची अनामत कोणत्या खात्यात येणार ते लिहून द्यायचं, विमा बंद करायचा. डॉइचलांडटिकेट स्वतः काढलं असेल तर ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं. मार्चअखेर बंद करायचं तर १० मार्चच्या आत रद्द करा, नाहीतर एप्रिलचे ६३ युरोही खात्यातून जातील.