प्रतिपालक कुटुंबाची दरमहा तपासणी करताना या चुका टाळा

प्रतिपालक (फॉस्टर) कुटुंब म्हणजे दत्तक न घेता दुसऱ्याचे मूल काही काळ सांभाळणारे कुटुंब. मूल घरात येण्याआधी घर आणि माणसे पाहून जो गृह-अभ्यास अहवाल तयार होतो, तो त्या दिवशीच्या घराचा असतो. पुढे घरात माणसे येतात-जातात, आजारी पडतात, कामधंदा बदलतो. म्हणूनच बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४४ मध्ये प्रतिपालक कुटुंबाची तपासणी बाल कल्याण समितीने दर महिन्याला करायची, असे स्पष्ट लिहिले आहे. तरीही फाइल उघडली की तीच चूक समोर येते: गेल्या महिन्याचा नमुना ३५, म्हणजे या तपासणीचा फॉर्म, समोर ठेवायचा आणि तारीख बदलून उतरवून काढायचा. ‘घरातील माणसे: चार.’ आठ महिने चारच.

गोव्यात घर आठ महिने सारखे राहत नाही. बार्देशच्या किनाऱ्याजवळचे एक घर डोळ्यांसमोर आणा. जुलैतल्या भेटीत मुलीला मागची खोली आहे, खाट आहे, दाराला कडी आहे, नवरा-बायको दोघे घरात आहेत. ऑक्टोबरात नवरा बोटीवर जातो. तारवटी माणूस, परत यायला कित्येक महिने. घराच्या दुरुस्तीचे कर्ज डोक्यावर, त्यात सिझन सुरू, म्हणून मागची खोली पर्यटकांना दिली जाते. मुलीची चटई वसरीवर (ओसरीवर) येते. रात्री न्हाणीकडे जाताना तिला रोज नवी माणसे दिसतात. तिला कोणी मारत नाही, जेवण वेळेवर मिळते, त्यामुळे ‘समाधानकारक’ हा शेरा पडत राहतो. फेब्रुवारीत शाळेतून कळते की मुलगी वर्गात झोपते. बाई वाईट नव्हती. खोलीत कोण झोपते हे चार महिने कोणी विचारलेच नव्हते.

यावर साधी सवय लावा. जुना नमुना ऑफिसात ठेवा, कोरा घेऊन जा. पहिला प्रश्न हाच: ‘काल रात्री या घरात कोण कोण झोपले आणि कुठे?’ नाव, नाते, वय लिहा. नवा मोठा माणूस राहायला आला असेल तर त्याची पोलीस पडताळणी त्याच आठवड्यात मागा. मग मुलालाच त्याची झोपायची जागा दाखवू द्या आणि तिथे उभे राहून पाहा: कडी आतून लागते का, न्हाणीची वाट कुणाच्या दारावरून जाते, रात्री हाक मारली तर कोण उठेल. खोली भाड्याने जाते का, हे थेट विचारा. ‘कधीमधी ओळखीचे येतात’ या उत्तरावर थांबू नका. वर्षातून निदान दोन भेटी ऐन सिझनमध्ये, संध्याकाळी सातनंतर ठेवा. सकाळी अकराला मूल शाळेत असते, मग तुम्ही पाहता ते नुसते घर.

दुसरी चूक नवीन कार्यकर्त्यांची, आणि ती घाईतून होते. वसरीवर खुर्चीत बसून, बाजूला प्रतिपालक आई उभी असताना मुलाला विचारायचे, ‘बरे आहेस ना?’ मूल मान हलवते. लिहिले जाते: ‘मूल आनंदी.’ त्या मुलाला याच घरात रात्री जेवायचे आहे. ते दुसरे काय सांगणार? त्याच्याशी वेगळे, पण सगळ्यांच्या नजरेच्या टप्प्यात बोला. तुळशीपाशी किंवा फाटकाशी वीस मिनिटे पुरतात. प्रश्न बारीक ठेवा: काल रात्री काय जेवलास? सकाळी कोण उठवते? भांडे फुटले तर काय होते? पोटात दुखले तर कुणाला सांगतोस? उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा. मूल घरी कन्नड बोलत आले असेल तर कन्नड येणारा माणूस बरोबर न्या, प्रतिपालकांना दुभाषी करू नका. आणि पहिल्याच भेटीत मूल मोकळे होईल ही अपेक्षा सोडा. तिसऱ्या-चौथ्या भेटीला एखादे वाक्य निघते, तेही तोच माणूस परत आला तर.

व्हिडिओ कॉल ही भेट नव्हे.

दरवेळी आधी फोन करून जाऊ नका.

वजन-उंची अंदाजाने लिहू नका. एकच वजनकाटा वापरा आणि मागचा आकडा शेजारी मांडा; वाढत्या वयातले मूल तीन महिने जागच्या जागी असेल तर डॉक्टरांना दाखवा.

लाद्या, फ्रिज, टीव्ही पाहून घर योग्य ठरवणे सोडा. कायदा कुटुंबाची क्षमता, इरादा आणि मुले सांभाळण्याचा अनुभव पाहायला सांगतो. सत्तरी तालुक्यातल्या मातीच्या घरातही मुलाची वही, औषध आणि झोप नीट सांभाळली जाते.

पैशांबाबत उलटी चूक होते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली मुलामागे महिना ४,००० रुपये ठरले आहेत. पासबुकात रक्कम कधी जमा झाली ती तारीख आधी बघा. पैसेच उशिरा आले असतील तर नवे दप्तर नाही म्हणून कुटुंबावर ठपका ठेवणे अन्याय आहे. प्रतिपालकांनाही विचारा: झोप होते का, मदतीला कोण आहे, काय जड जाते? दमलेले घर वेळेवर सावरता येते.

खोट सापडली की दोन टोके दिसतात: एक तर मूल लगेच उचला, नाहीतर ‘समज दिली’ लिहून सोडा. मधली वाट कागदावर आणा: काय बदलायचे, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, पुन्हा कधी पाहणार. बार्देशच्या त्या घरात ‘खोली मुलीला परत, १५ दिवसांत’ एवढेच लिहायला हवे होते. ते झाले नाही तर समितीपुढे ठेवा. मूल दुसऱ्या कुटुंबात हलवायचे की नाही हे समिती ठरवते, भेटीला गेलेला माणूस नव्हे. मात्र मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराची शंका आली तर मुदत देत बसू नका. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, पोलीस आणि समिती, त्याच दिवशी. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशा अत्याचाराची शंका कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे.

आणि हलवायची वेळ आलीच तर मुलाला आदल्या रात्री अंधारात ठेवू नका. कुठे जातोय, तिथे कोण आहे, भावाला कधी भेटता येईल हे त्याला सांगा. लसीकरणाचे कार्ड, शाळेची पुस्तके, चालू औषधे आणि ज्या चादरीशिवाय ते झोपत नाही ती चादर, सगळे एकाच पिशवीत त्याच्याबरोबर गेले पाहिजे.