शरणपूरच्या जुन्या मिशन वस्तीची निगा कशी राखावी

शरणपूर म्हटले की आजच्या नाशिककराला रहदारीचा रस्ता आठवतो. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1854 मध्ये ही वस्ती उभारली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली मुले मुंबईत उतरवली जात आणि त्यातली कित्येक इथे येऊन लिहायला-वाचायला, सुतारकाम-लोहारकाम शिकत. अशा ठिकाणची चर्चची इमारत, शाळेची खोली किंवा दफनभूमी जपायची तर दगडांइतकीच त्या मुलांची नावेही जपावी लागतात.

सुरुवात पाण्यापासून करा. मेअखेरीस कौले उतरवून फुटकी बदला, दोन उतार मिळतात तिथली पन्हळ मोकळी करा आणि छताचा भार पेलणाऱ्या सागवानी कैचीची टोके भिंतीत जिथे शिरतात तिथे टोचून पाहा. ओल आणि वाळवी आधी तिथेच लागते. बाहेरची जमीन भिंतीकडे नव्हे, भिंतीपासून दूर उतरती हवी.

सगळ्यात जास्त नुकसान सिमेंट करते. आपला काळा पाषाण पाणी फारसे शोषत नाही. भिंतीतली ओल दरजांमधल्या, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधल्या, चुन्यातूनच बाहेर पडते. दरजा सिमेंटने बुजवल्या की ओल आत कोंडते, आतल्या गिलाव्याला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि तो पापुद्र्यांनी सुटतो. मग गिलावाही सिमेंटचाच केला जातो आणि लोणा आणखी वर चढतो. म्हणून दरजा चुन्यानेच भरा. कळीचा चुना पाण्यात विरवून, चाळून, किमान महिनाभर पाण्याखाली मुरू द्या. मग एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग धुतलेली वाळू असा माल घोटा. जुना सैल माल दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान 25 मिलिमीटर खोल, हाताच्या छिन्नीने काढा. ग्राइंडरने दगडाच्या कडा उडतात. दरज भिजवून, माल दाबून भरा आणि आठवडाभर ओले गोणपाट लावून ठेवा. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करावे. उन्हाळ्यात चुना पकडण्याआधीच वाळतो आणि बोटाने भुगा होतो.

भिंतीतला पिंपळ उपटू नका. कोवळे रोप पहिल्या पावसानंतर अलगद निघते, पण जाड मूळ ओढले तर दगडही सोबत येतात. खोड कापून, ताज्या कापावर तणनाशक लावून मूळ मरू द्या. ते कुजल्यावर पोकळी चुन्याने भरा.

थडग्यांचे दगड साध्या पाण्याने आणि मऊ नायलॉन ब्रशने धुवा. ॲसिड संगमरवराला खाते, तारेचा ब्रश अक्षरे घासून टाकतो. पुसट मजकूर वाचायला खडू किंवा पीठ चोळायचे नाही. संध्याकाळी बाजूने तिरपा टॉर्च धरला की अक्षरे उठून दिसतात. दगडाला नकाशावर क्रमांक द्या, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या आणि मजकूर आहे त्याच स्पेलिंगने, चुकांसकट उतरवा. मोडलेले तुकडे सिमेंटने सांधण्यापेक्षा वाळूच्या थरावर आडवे ठेवलेले बरे.

बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या लॅमिनेट करू नका, फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका. फोटो काढा आणि मूळ वही कोरड्या कपाटात ठेवा. बाप्तिस्म्यात मुलांना नवी नावे मिळत. जुने नाव कुठे सापडले तर फलकावर दोन्ही लिहा.

फलक लिहिताना मिशनऱ्यांचीच यादी होऊन बसते, तो मोह टाळा. इथेच शिकलेला जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या अखेरच्या प्रवासात सोबत होता. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत वेनराइट होता आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीतही. 1875 मध्ये पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वस्ती फ्रियर टाउन वसली, तेव्हा शरणपूरचे अनेक आफ्रिकी तिकडे गेले. लहानपणी तोडून आणलेली ही माणसे होती, हे फलकावर स्पष्ट यायला हवे. ‘मिशनने आसरा दिला’ एवढ्यावर थांबणे अपुरे आहे. एका फलकावर शंभरापेक्षा जास्त शब्द नकोत, मराठी आधी. फलक स्वतंत्र खांबावर, थडग्यांपासून दूर लावा. जुन्या भिंतीत ड्रिल नको.

चर्चमध्ये आजही उपासना होते. भेटीच्या वेळा मंडळींना विचारून ठरवा, आणि दफनभूमीतल्या कोणत्याही कामाआधी त्यांची लेखी परवानगी घ्या.