आधी ॲडमिशन, मग पैसे? अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करताना या चुका टाळा

"मॅडम, आधी ॲडमिशन तर मिळू दे, पैशांचं मग बघू." दर दिवाळीच्या सुमारास बारावीची मुलं हे म्हणतात आणि माझ्या पोटात गोळा येतो.

काही वर्षांपूर्वी सांगलीकडची एक मुलगी मार्चअखेर वडिलांना घेऊन आली. हातात नामांकित कॉलेजचं प्रवेशपत्र. वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर, वडील बँकेत क्लार्क. अर्जात 'आर्थिक मदत हवी का?' या प्रश्नाला तिने 'नाही' असं उत्तर दिलं होतं. मदत मागितली की प्रवेश अवघड होतो, असं तिला कुणा सल्लागाराने सांगितलं होतं. हे अर्धं खरं आहे, म्हणूनच घातक आहे. आम्ही कॉलेजला ईमेल केला. उत्तर दोन ओळींचं होतं: परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नसेल, तर पुढची चारही वर्षं मागता येणार नाही. वडील कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसले. जागा सोडावी लागली. स्टॅनफर्डचाही नियम असाच आहे आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेला आहे. पैसे लागणार असतील तर पहिल्याच दिवशी मागा. असले शॉर्टकट सुचवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण फी त्यांना भरायची नसते.

मी मुलांना वहीत तीन रकाने आखायला लावते. पहिल्यात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडिन अशी कॉलेजं. इथे प्रवेश ठरवताना परदेशी विद्यार्थ्याचीही ऐपत बघत नाहीत आणि घेतलं की गरज पूर्ण भागवतात. पण स्पर्धा जीवघेणी, म्हणून यातली दोन-तीनच. दुसऱ्या रकान्यात स्वार्थमोर, पोमोना, व्हासार यांसारखी. निवडताना तुम्हाला किती पैसे लागतील हे ती विचारात घेतात, पण एकदा निवडलं की गरज पूर्ण भागवतात. तिसऱ्यात फक्त गुणवत्तेवर ठरावीक रक्कम देणारी.

या तिसऱ्या रकान्यातच घरं फसतात. '२५ हजार डॉलरची स्कॉलरशिप' म्हणून पेढे वाटले जातात. खर्च ७० हजार असेल तर वर्षाला ४५ हजार उरतात, चार वर्षांचे १ लाख ८० हजार डॉलर. आणि फी दरवर्षी वाढते, स्कॉलरशिप बहुधा तेवढीच राहते. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यातून ही तूट भरून निघत नाही. मिळाले किती हे नंतर, आधी उरले किती ते लिहा.

कॉलेज खरंच किती देतं हे जाहिरातीतून कळत नाही. कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' (कॉलेजने स्वतःच जाहीर केलेली आकडेवारी) लिहून शोधा आणि एच-६ हा भाग उघडा. किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळाली आणि सरासरी किती, ते तिथे असतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण उतावळी मुलं तेवढंही थांबत नाहीत.

एफएएफएसए हा फॉर्म भरू नका, तो अमेरिकन सरकारच्या मदतीसाठी असतो, आपल्यासाठी नाही. आपल्याला बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरचं उत्पन्न आणि मालमत्ता सांगणारा ऑनलाइन अर्ज लागतो. बर्कली, यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठांकडून गरजेवर आधारित मदतीची आशा धरू नका. अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला 'घेतलंत तर येणारच' असं सांगून लवकर केलेला अर्ज, बंधनकारक असतं, चार कॉलेजांची मदत ताडून बघायची असेल तर त्यात पडू नका.

सीएसएस भरताना आपल्याकडची हमखास चूक जमिनीची. सातबाऱ्यावर चार भावांची नावं, आणि मुलगा सगळ्या बारा एकरांची किंमत वडिलांची मालमत्ता म्हणून टाकतो. कागदावर घर श्रीमंत दिसतं आणि मदत घटते. फक्त आपला हिस्सा लिहा, सातबारा इंग्रजी भाषांतरासह जोडा आणि वाटणी कशी आहे ते एका पानात सांगा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून ते लपवायचं नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, तोही सप्टेंबरमध्येच, कारण डिसेंबरमध्ये तो वेळेत हातात पडेल याची खात्री नसते.

शंका राहिलीच तर कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला थेट ईमेल करा. सल्लागार काय म्हणतो ते मी ऐकून घेते, पण त्या ईमेलचं उत्तर छापून वहीत चिकटवते.