तोंडातला पांढरा चट्टा: या चुका टाळा

गालाच्या आत, नेमका जिथे तंबाखू-चुन्याचा बार धरतात तिथे, पांढरा चट्टा उठतो. दुखत नाही, म्हणून ‘उष्णता झाली असेल’ म्हणत बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांत महिने निघून जातात. पहिली चूक हीच. तोंड आलं तर झोंबतं आणि बहुधा आठ-दहा दिवसांत बरं होतं. ल्युकोप्लाकिया, म्हणजे पुढे कॅन्सर होण्याचा धोका असलेला हा पांढरा चट्टा, मात्र बहुतेक वेळा मुकाट बसून राहतो.

बुरशीचा पांढरा थर सहसा गॉजने पुसला की निघतो, हा चट्टा निघत नाही. पण घरी नखाने खरवडू नका. टोकदार दात घासत असेल तर तो गुळगुळीत करून घ्या, तंबाखू थांबवा आणि 2 ते 4 आठवडे पाहा. तरी चट्टा तसाच असेल तर बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, हवीच. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीती खोटी आहे, आणि तिच्यापायी लोक उशीर करतात याचं फार वाईट वाटतं.

डॉक्टरांकडूनही एक चूक होते: सर्वांत पांढऱ्या, जाड भागातून तुकडा घेणं. एकसारखा, सपाट चट्टा त्यामानाने कमी धोक्याचा. त्यात लाल ठिपके, गाठी किंवा व्रण असतील तर तुकडा तिथूनच घ्यावा. जिभेच्या कडेचा किंवा जिभेखालचा चट्टा लहान असला तरी तो गांभीर्यानेच घ्यावा.

सूक्ष्मदर्शकाखाली नुसता वरचा केराटिनचा कडक थर जाड दिसला तर ते डिस्प्लेसिया, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा पेशींतला बिघाड, नव्हे. तळाच्या पेशींची शिस्त मोडणं, केंद्रकं मोठी व गडद होणं, वरच्या थरांतही पेशी विभागताना दिसणं, आवरणाची खाली उतरणारी टोकं थेंबासारखी फुगणं, या खुणा एकत्र वाचायच्या असतात. बदल आवरणाच्या खालच्या एक तृतीयांश भागात असेल तर सौम्य, मधल्यापर्यंत गेला तर मध्यम, त्याहून वर गेला तर तीव्र. पेशींनी तळपटल, म्हणजे आवरणाखालचा पातळ पडदा, ओलांडलं की तो कॅन्सर.

‘डिस्प्लेसिया नाही’ असा रिपोर्ट आला म्हणून फाईल बंद करू नका. रिपोर्ट त्या तुकड्यापुरता असतो. चट्टा दर काही महिन्यांनी दाखवत राहा.

आणि माहिती विचारताना होणारी चूक. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला आपल्याकडच्या कितीतरी बायका मनापासून ‘नाही’ म्हणतात. मशेरीचं वेगळं विचारा. त्यांच्या लेखी ती तंबाखू नसतेच, दात घासायची पूड असते.